नंबर लिहून ठेव

गेल्या रविवारी चहाचं आधण ठेवलं आणि बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते आणि गणपतीपासून तिला भरतकामाचं वेड लागलंय. हातात चपलांच्या खोक्याएवढा पुठ्ठ्याचा डबा. म्हणाली, "काकू, यात सगळं आहे, तरी मला काही म्हणजे काही जमत नाहीये."

डबा ऑनलाइन मागवलेला, साडेआठशे रुपयांचा. आत शंभर रंगांच्या लड्या, कापड ताणून धरायच्या लहान-मोठ्या पाच प्लॅस्टिकच्या रिंगा, नळीत भरलेल्या तीस सुया, दोन अंगुस्तानं, सुईत दोरा ओवायची पत्र्याची तीन यंत्रं, टाके उसवायचं हत्यार, मोजपट्टी आणि दोरा गुंडाळायच्या प्लॅस्टिकच्या पन्नास चकत्या. रुखवतात मांडावं असं सगळं. मी एका लाल लडीचं टोक कापलं, सिंकवर धरलं आणि काडी लावली. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचाच येतो आणि राख बोटांत चुरली की मऊ लागते. हा दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टर.

पॉलिएस्टर वाईट असतं असं नाही, मशीनच्या भरतकामात तेच चालतं. पण हा गुळगुळीत दोरा सुती कापडावर हाताने बसवायचा तर तो निसटतो, फुगतो, टाका सैल पडतो. आणि शिकणाऱ्या माणसाला वाटतं आपलाच हात वाकडा आहे.

"मग मला लिस्ट लिहून द्या ना," ती म्हणाली. दूधवाल्याच्या बिलामागे मी लिहून दिली. सहापदरी सुती दोरा, सात-आठ रंग. भरतकामाच्या सुया, ७ आणि ९ नंबर. पाच इंची लाकडी रिंग. अर्धा मीटर केंब्रिक, म्हणजे साधं सुती कापड. लहान कात्री. तिने कागद उलटा-पालटा करून पाहिला. "एवढंच?"

एवढंच. पण त्या प्रत्येक ओळीमागे माझं काहीतरी बिघडलेलं आहे, ते दुधाच्या बिलावर मावण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

दोऱ्यापासून सुरू करते, कारण पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करावेत. लडी म्हणजे आठ मीटर दोरा, त्यात सहा पदर, आणि हे पदर एकमेकांना घट्ट पिळलेले नसतात, हवे तेवढे सुटे करता येतात. एका पदराने भरलं तर एका लडीतून अठ्ठेचाळीस मीटर, दोन पदरांनी भरलं तर चोवीस. बारीक कामाला एक-दोन, बेतशीर फुला-पानांना दोन-तीन, आणि जाड साखळी टाक्याला सगळे सहा. आमच्या पिढीत 'अँकरचा दोरा आण' एवढंच म्हणायचे, दुसरं नावच नव्हतं. डीएमसी आता सहज मिळतं. ती फ्रान्सची कंपनी, १७४६ सालची, आणि तिच्या सहापदरी दोऱ्याच्या पाचशे छटा आहेत. दोन्ही चांगले. महागडा-स्वस्त यावर वाद घालायला मला वेळ नाही. पण एक गोष्ट: दोघांचे नंबर वेगळे. काळा रंग अँकरचा ४०३ आणि डीएमसीचा ३१०. एका कंपनीचा नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीचा दोरा मागितला की भलताच रंग हातात येतो.

हे नंबरप्रकरण मला १९९४ साली कळलं, मावसबहिणीच्या लग्नात. रुखवतासाठी टेबलक्लॉथ करायला घेतला होता, चार कोपऱ्यांत चार मोर. आईने दोन भरायचे, मी दोन. तीन मोर झाले, चौथ्याच्या मानेशी निळा दोरा संपला. लडीवरची कागदी पट्टी आईने कधीच फेकून दिलेली. तिच्या मते पट्टी हा कचरा होता. मी ऑफिसातून सुटून दोऱ्याचं टोक पर्समध्ये घेऊन दादरला उतरले, पश्चिमेच्या गल्लीतल्या दुकानात. सात वाजून गेलेले, दुकानात ट्यूबलाइट. दुकानदाराने निळ्याच्या अकरा लड्या काउंटरवर मांडल्या, मी माझं टोक एकेकीवर ठेवून पाहिलं आणि एक निवडली. अगदी तीच. दुकानदारही म्हणाला, ताई, तीच. रात्री बल्बखाली भरत बसले तेव्हाही तीच होती.

सकाळी आई गॅलरीत कापड घेऊन गेली आणि तिथूनच हाक मारली. मोराची मान छातीपर्यंत निळी आणि वर हिरवट. दिव्याखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण दोघांत रंगद्रव्यं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक उजेडात ती वेगळी वागतात. हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त रडू आलं. उसवायला वेळ नव्हता, परवावर लग्न. रुखवत मांडताना आईने बरोबर त्या मानेवर बेसनाच्या लाडवांचं ताट ठेवलं. कोणाला कळलं नसतं, पण जो पाहुणा यायचा त्याला आई स्वतःच ताट उचलून दाखवायची, "हे बघा, इथे फसलंय."

तेव्हापासून माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. नवीन काम काढलं की एक पान. वर काय केलं ते, खाली प्रत्येक रंगाचा हातभर दोरा चिकटवलेला, शेजारी कंपनी आणि नंबर, किती पदर, कोणती सुई. मोठी पार्श्वभूमी भरायची असली तर सगळ्या लड्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेते, कारण रंगाचा घाणा बदलला की त्याच नंबरातही किंचित फरक पडतो. आणि रंग जुळवायचाच असेल तर दिवसा जाते. ट्यूबलाइटवर माझा विश्वास नाही.

पदर सोडवायची एक रीत आहे, ती हातात बसली की निम्मा गुंता संपतो. हातभर दोरा कापायचा, म्हणजे खरोखर हातभर, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्याहून लांब घेतला तर कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन त्याची लव उठते. मग टोक चिमटीत धरून एकच पदर सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली गोळा होतात, वाटतं झाला गुंता, पण पदर बाहेर निघाला की आपोआप मोकळे होतात. दोन हवे असले तरी एकदा एक, मग दुसरा, आणि मग दोन्ही जुळवून ओवायचे. दोन एकदम ओढले की गाठ ठरलेली. आणि शेवटी ते दोन पदर सरळ पडले पाहिजेत, त्यांना पीळ राहिला तर सॅटिनच्या टाक्याची, म्हणजे शेजारी शेजारी घट्ट भरलेल्या टाक्याची, चमक जाते.

आई दोरा कसा वाचवायची तेही सांगते. आम्ही लालबागचे, बाबा मिलमध्ये. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. त्या वर्षी आई लोकांच्या फ्रॉकवर आणि उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम करून द्यायला लागली. पान भरताना सगळे जण दोरा कापडाच्या मागच्या बाजूने नेतात, त्यामुळे जेवढा पुढे तेवढाच मागे खर्च होतो. आई पानाच्या कडेला पोचली की तिथेच कापडाचा एखादा धागा उचलून सुई परत वर काढायची आणि समोरच्या कडेला जायची. पुढून पान भरगच्च, मागून नुसते ठिपके. दोरा जवळजवळ निम्मा. टाके जरा कमी उठावदार दिसतात, पण धुताना टिकतात. मी आजही सवयीने तसंच भरते. आता दोऱ्याची कमतरता नाही तरी.

सुया. त्या नळीतल्या तीस सुयांवर नंबर कुठेच नव्हता, आणि निम्म्या सुया तर गोधडी शिवायच्या जाडीच्या. भरतकामाच्या सुईचं नेढं लांबट असतं, म्हणजे चपटे पदर एकाशेजारी एक बसतात, आणि टोक अणकुचीदार. नंबर १ ते १२, आणि नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. एका पदराला १०, दोन पदरांना ९ किंवा ८, तीनला ७, सहा पदरांना ३ किंवा ४. नेम असा की सुईने पाडलेल्या भोकातून दोरा सहज गेला पाहिजे, पण भोक मागे उरता कामा नये. ओढताना कुरकुर आवाज येतोय, दोरा मधेच विरतोय, तर सुई बारीक पडतेय. टाक्याशेजारी छिद्र दिसतंय, तर जाड आहे.

फुलीचा टाका मॅटी किंवा आयडा या मोकळ्या विणीच्या कापडांवर घालायचा तर बोथट टोकाची सुई लागते, कारण तिथे कापडाला आधीच भोकं असतात, सुईने धागा चिरायचा नसतो. १४ काउंटच्या आयडाला २४ नंबरची. १४ काउंट म्हणजे इंचाला चौदा फुल्या. सत्तर फुल्यांची नक्षी पाच इंच होईल, असा कापडाचा हिशेब आधीच करता येतो. माझ्या एका मैत्रिणीने तो केला नाही आणि तिच्या गणपतीला मुकुट राहिला नाही. ते असो.

आणि तुम्हाला ते बुलियनचे गुलाब करायचे असतील, ज्यात सुईला दोऱ्याचे सात-आठ वेढे घेऊन सुई त्यातून ओढून काढतात, तर त्यासाठी वेगळी सुई आहे. मिलिनर म्हणतात. तिचं नेढं तिच्याच दांड्यापेक्षा रुंद नसतं. साध्या सुईचं फुगीर नेढं वेढ्यांत अडकतं, आपण हिसका देतो आणि गुलाबाची जिलबी होते. वीस वर्षं मी जिलब्याच केल्या. दादरच्याच एका दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला ती सुई दिली आणि म्हणाल्या, "तुझा हात ठीक आहे गं, सुई चुकतेय."

दोरा ओवला जात नसेल तर आधी सुई फिरवून पाहा. नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे त्याची एक बाजू किंचित गुळगुळीत असते. त्या बाजूने दोरा पटकन जातो. हे मला कळलं ते लोकलमध्ये. मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत एकोणतीस वर्षं मी स्लो लोकलने गेले, ठाण्याहून सुटणारी गाडी, म्हणून लेडीज डब्यात निदान चौथी सीट मिळायची. चौथ्या सीटवर अर्धं अंग हवेत असतं. तिथे भरतकाम करायचं तर चार इंची रिंग, त्याहून मोठी घेतली की शेजारणीच्या पोटात जाते. कात्री गळ्यात नाडीला बांधलेली. आणि सुया रात्रीच ओवून ठेवलेल्या, दहा सुया दहा रंग, कारण कुर्ल्याला गाडी रूळ बदलते तेव्हा नेढ्यात दोरा घालणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. उतरण्याआधी मशीदला गाडी आली की सुया मोजायच्या. एक कमी असली तर मी सीटखाली वाकून शोधायचे, आणि अख्खा डबा माझ्याबरोबर वाकायचा. एकदा ती सुई सापडली भायखळ्याला चढलेल्या कोळणीच्या टोपलीच्या चुंबळीत. तिने काढून दिली आणि म्हणाली, "बाय, पापलेटात गेली असती तर?"

मुंबईच्या हवेत सुया गंजतात. हे कुठल्या परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. जुलैत अर्धवट काम बाजूला ठेवताना सुई कापडातच टोचून ठेवली आणि चार दिवसांनी उघडलं, तर सुईच्या रेषेत तपकिरी डाग. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा म्हणतात, पण जुलैत ऊन आणायचं कुठून? माझ्या सुया जुन्या लोकरी स्वेटरच्या तुकड्यांच्या पुस्तकात असतात, एकेका पानावर नंबर शिवलेला, आणि पावसाळ्यात ते पुस्तक घट्ट झाकणाच्या डब्यात. आईची सुयांची उशी केसांनी भरलेली होती, कंगव्यातले केस साठवून धुतलेले. केसांच्या तेलकटपणाने गंज लागत नाही म्हणायची. नातीला ते ऐकून किळस आली.

आता रिंग. लाकडी घ्या पण आणली तशीच वापरू नका. आतल्या रिंगेला जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी तिरपी गुंडाळत जायचं आणि टोक दोन टाक्यांनी पक्कं करायचं. वीस मिनिटांचं काम. त्यानंतर कापड सरकत नाही, मलमलवर वळ उठत नाहीत आणि सॅटिनचा टाका दाबला जात नाही. त्या मुलीच्या प्लॅस्टिकच्या रिंगेत कापड दर चार टाक्यांनी ढिलं पडत होतं, म्हणून तिची पानं आक्रसत होती. कापड ताणताना उभ्या आणि आडव्या धाग्यातच ओढायचं. तिरपं ओढलं तर गोल फूल रिंग काढल्यावर लंबगोल होतं. टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. स्क्रू बोटाने पुरेसा आवळला जात नाही, मी घरातला पेचकस वापरते. आकार पाच-सहा इंच बास, खालच्या हाताची बोटं मधोमध पोचली पाहिजेत. आणि काम थांबवलं की रिंग काढायची, रोज. कंटाळा येतो, मान्य. पण महिनाभर राहिलेल्या रिंगेचा गोल डाग धुऊन जात नाही.

कापडाबद्दल फार नाही सांगत. मंगलदास मार्केटमध्ये एक चक्कर मारा, अर्धा-अर्धा मीटर कापून देणारे आहेत, हात लावून बघता येतं. शिकायला केंब्रिक किंवा पॉपलिन. मांजरपाट स्वस्त आणि दणकट, पण कोऱ्या कापडात खळ असते, सुई अडते. रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच भरायला घ्यायचं. सुती कापड आटतं, आणि भरतकामानंतर आटलं तर टाक्यांभोवती कायमच्या चुण्या. इरकली साडीवर कसुती, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम, करणाऱ्या बायका तर काही छापतही नाहीत, कापडाचे धागे मोजून गावंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चार टाके घालत जातात, गाठ न मारता, आणि गावंती-मुरगी तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. त्यांच्यासमोर आपण नक्षी कशी उतरवायची म्हणून कुरकुर करणं बरं दिसत नाही, तरी करते, कारण माझ्या सगळ्यात मोठ्या दोन फजित्या तिथल्याच आहेत.

पहिली ऑफिसातल्या कार्बनची. लग्न नुकतंच झालेलं, सासूबाईंसाठी पांढरा ट्रे कव्हर करायचा होता. टायपिंगचा कार्बन ऑफिसात पडलेला, तोच ठेवून नक्षी उतरवली. त्या कार्बनात तेलकट मेण असतं. हाताखाली सगळी निळी-काळी पसरट धूळ झाली, साबणाने गेली नाही, उलट पसरली. शिवणकामाचा कार्बन वेगळा असतो, पिवळा, पांढरा, लाल, तो खडूसारखा. गडद कापडावर पांढरा, फिकटावर पिवळा. सासूबाईंनी तो ट्रे कव्हर वीस वर्षं वापरला, नेहमी दोन कप त्या डागावर.

दुसरी फजिती या जमान्यातली. इस्त्री फिरवली की पुसलं जाणारं पेन मिळतं. मला ते इतकं आवडलं की मी भाचीच्या बाळाच्या दुपट्यावर त्यानेच हत्ती काढले. काढले, खोडले, पुन्हा काढले, आणि प्रत्येक हत्तीच्या पोटात दोऱ्याचा नंबर लिहून ठेवला. वही कोण उघडतंय सारखी. भरून झालं, इस्त्री फिरवली, सगळं गायब. दुपटं एडमंटनला गेलं. जानेवारीत भाचीचा फोटो आला. रात्रभर दुपटं गाडीत राहिलं होतं, बाहेर उणे पंचवीस. प्रत्येक हत्तीवर, भरलेल्या आणि न भरलेल्या सगळ्या रेषा परत उमटलेल्या, आणि हत्तीच्या पोटात ४१५, ३९८, ४०३. "मावशी, हे काय गं लिहिलंयस? हत्तींचे रोल नंबर?" त्या शाईचा रंग साठेक अंशाला जातो, पण तो कापडातच असतो, आणि शून्याखाली दहा-वीस अंश गेलं की परत येतो. मुंबईत हे जन्मात कळलं नसतं. तिने इस्त्री फिरवली, हत्ती पुन्हा गोरे. पुढच्या थंडीपर्यंत.

निळं, पाण्याने जाणारं पेन त्याच्या बरोबर उलट. त्यावर आधी इस्त्री फिरली तर डाग पक्का होतो. म्हणजे एका पेनाला इस्त्री हवी आणि दुसऱ्याला चालत नाही. टोपणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, रात्री अकरा वाजता आठवत नाही.

खरी छपाई मी पाहिली ती धारावीत. मुलीच्या लग्नाच्या ब्लाउजवर आरीकाम करून घ्यायला एका जरीच्या कारखान्यात गेले होते. माळ्यावरची खोली, लोखंडी शिडी, आणि आत अड्डा, म्हणजे लाकडी चौकट, त्यावर कापड चारी बाजूंनी शिवून ताणलेलं आणि दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेली पोरं. नक्षी बटर पेपरवर, आणि रेषेरेषेवर सुईने टोचलेली भोकं. एकाने रॉकेलमध्ये पांढरी पूड कालवली, बोळा बुडवला आणि कागदावरून एकदाच, हलक्या हाताने फिरवला. कागद उचलला, तर मरून रेशमावर ठिपक्यांची मोरवेल. फिकट कापड असेल तर पांढरीच्या जागी नीळ, म्हणाला. रॉकेल उडून जातं, पूड झटकली की जाते. मग त्याने आरी घेतली, आकडा असलेली बारीक सुई, लाकडी मुठीची. दोरा कापडाखाली एका हातात, वरून आरी टोचून आकड्याने फास वर ओढायचा, पुढच्या टोचण्यात त्या फासातून दुसरा. साखळी टाका, पण इतक्या वेगाने की मला हात दिसत होते, टाका दिसत नव्हता. मी माझा साखळी टाका सांगितला, एका इंचाला किती वेळ लागतो ते. तो हसला नाही, फार सभ्य मुलगा. म्हणाला, "आपको कौनसी जल्दी है?"

बाकी वस्तू पटकन उरकते. कात्री चार इंची, टोकाला धारदार, आणि तिने दोऱ्याशिवाय काही म्हणजे काही कापायचं नाही. आमच्या घरी तिला लाल लोकर बांधलीय. लाल लोकर असलेल्या कात्रीने दुधाची पिशवी कापणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळत नाही. नवऱ्याला दोनदा मिळालेला नाही. अंगुस्तान मी वापरत नाही, गोधडीला लागतं. टाके उसवायचं हत्यार भरतकामात धोक्याचं, कापडच फाटतं. मागच्या बाजूने कात्रीच्या टोकाने उसवा.

आणि दिवा, आणि चष्मा. पन्नाशीनंतर मला वाटायला लागलं की दोरे निकृष्ट यायला लागलेत. दोरे ठीक होते. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, जवळचं बघायला हनुवटी वर करावी लागायची, तासाभरात मान धरायची. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी रिंगच घेऊन गेले. त्यांनी रिंग हातात धरायला लावली, डोळ्यापासून अंतर मोजलं आणि फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा दिला. त्याचाही नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे. भरायला बसते सकाळी दहा ते बारा, गॅलरीच्या दाराशी, उजेड डावीकडून. मी उजवी आहे, उजवीकडून उजेड आला की हाताचीच सावली टाक्यावर पडते.

तर ती मुलगी बुधवारी ऑफिसातून येताना दादरला उतरली आणि सगळं घेऊन आली. रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो. रिंगेला पट्टी गुंडाळलेली, अगदी व्यवस्थित. सुयांवर नंबर लिहिलेले. आठ रंगांचे दोरे त्या जुन्या डब्यातल्या चकत्यांवर गुंडाळून ओळीने लावलेले, इतके सुंदर की फ्रेम करावेत. खाली लिहिलेलं, "काकू, परफेक्ट ना?"

मी विचारलं, लड्यांवरच्या कागदी पट्ट्या कुठे आहेत?

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "सुक्या कचऱ्यात."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी दादरला जातोय. मी दुकानदाराला फोन करून ठेवलाय की काउंटर सोडून बाहेर फुटपाथवर या, उजेडात. पाच रंग मी डोळ्यांनी ओळखले आहेत, उरलेल्या तीन निळ्यांचं बघू.